कुरणाची कैफियत

कोर्टाचा माणूस आला तेव्हा कुंदुझच्या हातात दाताळं होतं आणि नऊ महिन्यांची सेझिम गवताच्या गाडीच्या सावलीत घोंगडीवर झोपलेली होती. आदल्या दिवशी कापलेलं गवत वरून वाळलं होतं, खालून अजून ओलं होतं. ते उलटायचं, झटकायचं, पुन्हा पसरायचं. डोंगराच्या खांद्यावर ढगाचा एक पट्टा सकाळपासून जागचा हलला नव्हता, म्हणून ती घाईत होती. दर दहा-पंधरा हातांवर थांबून आधी ढगाकडे बघायची, मग पोरीकडे, मग पुन्हा दाताळं मारायची.

माणसानं गाडी रस्त्यावर लावली, बूट काढून हातात घेतले आणि पाटातून पाणी तुडवत आला. वाळत घातलेल्या गवतावर बुटानं चालू नये एवढं त्याला कळत होतं. म्हणजे हाही कुठल्यातरी खेड्यातलाच, तिनं मनात नोंद केली.

"जापारचं कुरण हेच ना?"

"हेच. आबा तिकडं आहेत." तिनं दाताळ्यानं दाखवलं. कुरणाच्या पार टोकाला सासरे लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापत होते. इतक्या लांबून त्यांचं फक्त डावी-उजवीकडे झुलणं दिसत होतं.

"तू सून? मग तूच घे. इथं सही कर."

"कसला कागद आहे?"

माणूस हसला. "शिकलेली दिसतेस."

"कशावरून?"

"आधी विचारलंस. बाकीचे आधी सही करतात, मग विचारतात." त्यानं पेन पुढं केलं. "दावा आहे. दिवाणी. घाबरू नको, कुणाला धरून नेत नाहीत. पण पंधरा दिवसांच्या आत लेखी म्हणणं द्यायचं. नाही दिलं तर कोर्ट समोर जे कागद असतील त्यावर निकाल देतं."

तिनं सही केली. तो आला तसाच बूट हातात धरून परत गेला. सेझिम जागी झाली आणि रडायला लागली. पण कुंदुझ तशीच उभ्या उभ्या कागद वाचत राहिली. पहिल्याच ओळीत वादीचं नाव होतं. ते डोळ्यांनी वाचलं, ओठ मात्र तेवढ्यापुरते मिटले. लग्नाच्या सहा वर्षांत सासऱ्यांचं किंवा नवऱ्याहून थोरल्या असलेल्या सासरच्या कुणाही पुरुषाचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. कुठल्याच सुनेच्या निघत नाही. वादी होता एसेनकुल, सासऱ्यांच्या मेलेल्या थोरल्या भावाचा, सादिरचा, मुलगा. घरात ती त्याला 'शहरातले बायके' म्हणायची, म्हणजे शहरातले दादा.

शहरातल्या दादांना हे कुरण आणि त्याच्या कडेचा मेंढवाडा हवा होता. सामूहिक शेती मोडून जमिनीची वाटणी झाली तेव्हा ही जमीन आजोबांच्या नावानं निघाली, आजोबांचा थोरला मुलगा आपला बाप, म्हणून ती आपली. काकांनी ताबा सोडावा, असं लिहिलं होतं.

कुरण गेलं तर गंजी नाही. आणि गंजी नसेल तर पाच महिन्यांच्या बर्फात चाळीस मेंढ्या, दोन गाई आणि घोडी खाणार काय?

सासऱ्यांनी कागद हात लांब करून वाचला, दोनदा. मग नीट घडी घालून तो आपल्या उंच फेल्ट टोपीच्या दुमडीत खोचला.

"सादिरचं पोर," ते म्हणाले. "ह्याचं नाक मी पुसलंय. ह्याच बाहीनं."

एवढं बोलून ते पुन्हा कापायला लागले. पण आता झुलणं बिघडलं होतं. चार वार सरळ जायचे, पाचवा खोल. थोड्याच वेळात पातं दगडावर आपटल्याचा आवाज झाला. सासरे वाकून बघत राहिले. पात्याला नखाएवढा तुकडा पडला होता. तीस वर्षं हे कुरण कापणाऱ्या माणसाला प्रत्येक दगड ठाऊक होता.

*

तिसऱ्या दिवशी तोक्तोसुन आजोबा मध्ये पडले. गावातल्या म्हाताऱ्यांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनीच शहरात फोन लावला. "पोरा, कोर्ट आपल्याला शोभतं का? ये, तुझ्या काकाच्या घरी जेव," असं म्हणाले. आणि बायके आले. स्वच्छ पांढऱ्या गाडीतून, सासूबाईंसाठी शाल आणि सेझिमसाठी वाजणारी बाहुली घेऊन.

सासऱ्यांनी मेंढा कापला. कुंदुझ आणि सासूबाई, म्हणजे एने, सकाळपासून आतडी धुवत होत्या, पीठ मळत होत्या, चुलीखाली वाळल्या शेणाच्या गोवऱ्या सारत होत्या. दुपारी ताट मांडलं आणि मेंढ्याचं डोकं पाहुण्यापुढं ठेवलं. बायकेंनी सुरीनं कान कापला आणि रिवाजाप्रमाणे घरातल्या लहान्याला, सेझिमला, दिला. पोरीनं तो तोंडात घातला. सगळे हसले.

कुंदुझ दाराशी बसून चहा ओतत होती. वाटी अर्धीच भरायची, पुन्हा पुन्हा मागितली की पुन्हा पुन्हा भरायची. तिचे हात कामात होते आणि डोळे बायकेंवर. ते हात हलवत बोलायचे, पण मध्येच खिडकीतून कुरणाकडे बघायचे. रस्त्यापासून पाटापर्यंत, पाटापासून डोंगरापर्यंत. मेंढी विकत घेणारा तिच्या पाठीवरून हात फिरवतो, तसं.

"तिथं तंबू टाकले असते, काका," ते म्हणाले. "परदेशी लोक येतात, घोड्यावर बसतात, फोटो काढतात. मला वाटलं, गावाला काम मिळेल. मी काय ते डोक्यावर घेऊन जाणार होतो?"

"मग विचारायचंस," सासरे म्हणाले.

"चुकलं."

तो एक शब्द ऐकला आणि सासऱ्यांचे डोळे भरले. बायके उठले, त्यांनी काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तेही रडले. खोटं रडत नव्हते. तेवढं कुंदुझला कळत होतं आणि त्यानंच तिचा जीव जास्त खालीवर होत होता.

"झालं तर मग," तोक्तोसुन म्हणाले. "आजपासून मनात काही नाही."

सगळ्यांनी तळवे वर धरले. आजोबांनी दुवा मागितली, घर एक राहो, चूल पेटती राहो. तळवे तोंडावरून फिरले. ओमीन.

तेवढ्यात कुंदुझच्या तोंडून गेलं, "आणि तो कागद?"

एनेंनी तिच्याकडे डोळे वटारले.

"कागद राहू दे शहरात," तोक्तोसुन म्हणाले. "इथं माणसं बसलीयत. तू चहा बघ, पोरी. पाणी झालंय त्याचं."

"केलिन भूगोल शिकलीय ना," बायके हसत म्हणाले. घरच्या सुनेला केलिन म्हणतात, तसे तेही म्हणायचे. "तिला जिकडेतिकडे हद्दी दिसतात."

सगळे हसले. सासरेसुद्धा. कुंदुझही खाली मान घालून हसली, आणि चहा खरंच पातळ झाला होता म्हणून नवीन पत्ती घालायला बाहेर गेली. बाहेर उभी राहून तिनं कान गरम आहेत का ते हात लावून पाहिलं. होते.

*

त्यानंतरचे दिवस गवताचे होते. सकाळी दव उडेपर्यंत कापणी, मग पसरणं, दुपारी उलटणं, संध्याकाळी ढीग. खांदे भरून यायचे. हातावर गवताचे बारीक चरे पडून त्यांत घाम चुरचुरायचा. सासरे पुन्हा सरळ झुलत कापत होते आणि कापताना गुणगुणत होते, हे तर तिनं बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. घरात कुणी त्या कागदाचं नाव काढत नव्हतं.

कुंदुझ मात्र दिवस मोजत होती. पाचवा. सहावा. बायके शहरात परत गेले, तिथून त्यांनी कोर्टात जाऊन दावा मागं घेतला असेल का? असेल. का नसेल? नसेल तर? दूध पाजताना हे डोक्यात फिरायचं. दूध आटत चाललंय असं तिला वाटायला लागलं. सेझिम ओढायची, सोडायची, चिडून रडायची. एने म्हणाल्या, "तुझा जीव जागेवर नाही, ते पोरीला कळतं." एने दह्याचे खारे गोळे वळत होत्या आणि त्यांचे हात थांबत नव्हते. "काय कुरतडतंय तुला?"

"काही नाही, एने."

"काही नाही, म्हणून गाईचं वासरू तसंच सोडलंस काल. सगळं दूध पिऊन गेलं."

सातव्या दिवशी ती फोन घेऊन टेकडीवर चढली. गावात तेवढ्याच जागी आवाज नीट लागायचा. नवरा, तिलेक, रशियात इमारतीच्या कामावर होता. मागं यंत्रांची घरघर चालली होती.

"मिटलं ना?" तो म्हणाला. "आबांनी सांगितलं मला."

"आबांनी सांगितलं. कोर्टानं सांगितलं नाही."

"तू मध्ये पडू नकोस, कुंदुझ."

"मी कुठं मध्ये पडतेय? मध्ये कागद पडलाय."

"लोक काय म्हणतील? दुवा झाल्यावर सून कोर्टात गेली? आबा गावात तोंड दाखवतील का? ऐक, मी अठराव्या मजल्यावर उभा आहे, वारा सुटलाय."

"मग धरून उभा राहा," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. फोन आधीच तुटला होता, ते बरं झालं.

*

नवव्या दिवशी सेझिमला लस द्यायची म्हणून ती तालुक्याला गेली. लस खरोखरच द्यायची होती, फक्त ती पुढच्या आठवड्यात दिली तरी चाललं असतं. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या सीटवर दोन कोंबड्या आणि एक बाई यांच्यामध्ये ती पोरीला मांडीवर घेऊन बसली. लस झाली. रडून दमलेली पोर खांद्यावर घेऊन ती कोर्टाच्या खिडकीशी गेली.

खिडकीतली बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. "कुणाचं प्रकरण?"

"आमचं. म्हणजे आमच्या सासऱ्यांवर दावा आहे."

"नाव?"

कुंदुझनं मान खाली घातली.

"सासऱ्यांचं नाव काय?"

"आमच्याकडे… मी घेत नाही."

"अगं बाई." बाईनं टरफल थुंकलं. "दावा कुणी लावलाय त्याचं नाव सांग मग."

"तेही थोरलेच आहेत."

मागं उभा असलेला म्हातारा खुदकन हसला. "चांगल्या घरची आहे, छळू नका तिला."

"मी छळते? मला आता फायली वासावरून ओळखायच्या का?" पण बाईनं कागदाचा तुकडा आणि पेन खिडकीतून सरकवलं. "लिही."

कुंदुझनं दोन्ही नावं लिहिली. बाईनं फाईल काढली, उलटली.

"चालू आहे. वीस तारखेला सुनावणी. तुमचं म्हणणं आलेलं नाही."

"दावा मागं नाही घेतला?"

"कुणी?"

"त्यांनीच. आमच्याकडे मिटलंय. गावातले सगळे बसले होते. मेंढा कापला, दुवा झाली."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चेष्टा नव्हती. "हे बघ," ती म्हणाली आणि फाईल खिडकीकडे वळवली. "हा दावा. हा नकाशा. ही तुझी सही, कागद मिळाला म्हणून. ह्यात मेंढा आहे कुठं? दाखव."

कुंदुझनं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दर महिन्याला तुमच्यासारखं एखादं कुणीतरी येतं," बाई म्हणाली. "मिटलं, जेवले, रडले. आणि वीस तारखेला कुणीच येत नाही. न्यायाधीशानं काय करायचं? समोर एकच कागद असतो. त्यावर निकाल."

"त्यांना माहीत नसेल, मागं घ्यावा लागतो ते."

"वादीला? परवा फोन आला होता त्यांचा. म्हणणं आलं का, विचारत होते."

सेझिमनं झोपेतच तिची वेणी मुठीत धरली.

"सहा दिवस आहेत," बाई आवाज खाली करून म्हणाली. "साध्या कागदावर लिही. जमीन कधी मिळाली, कशी मिळाली, कोण कसतं, साक्षीदार कोण. सही मात्र सासऱ्यांची लागेल. तुझी नाही चालायची."

*

सासरे अंगणात बसून विळ्याचं पातं ठोकत होते. लाकडात बसवलेली लहानशी ऐरण, त्यावर पात्याची कड, आणि हातोडीचे हलके, एकसारखे ठोके. कुंदुझनं उभ्यानंच सगळं सांगितलं. परवाचा फोनसुद्धा. ठोके थांबले नाहीत.

"लस दिली का?" त्यांनी विचारलं.

"दिली."

"मग लसीलाच जायचं होतं."

"आबा, सहा दिवस…"

"ज्यानं माझ्या घरात बसून मेंढ्याचं डोकं खाल्लं, त्याच्या शब्दाची तू तालुक्याला जाऊन खात्री करून आलीस." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "आता मी सही करायची, म्हणजे माझ्याच हातानं दुवा मोडायची. तळवे वर कुणी धरले होते? मी. ओमीन कुणी म्हटलं? मी. उद्या तोक्तोसुनच्या दारावरून जाताना मान कुठं ठेवू?"

"त्यांनी मोडली तर?"

"त्यानं मोडली तर ती त्याच्या मानेवर." एक ठोका जोरात बसला. "माझ्या मानेवर नको."

एने गोळे वळायच्या थांबल्या होत्या. कुंदुझ आत गेली आणि मळलेलं पीठ पुन्हा एकदा मळत बसली.

त्यानंतर ती फक्त विचारायला लागली. गंजी रचताना ती वर उभी राहून गवत तुडवायची, सासरे खालून फेकायचे. तेव्हा सहज विचारल्यासारखं, "आबा, हा पाट कधी काढला?"

"का?"

"सेझिमला सांगायला."

सासऱ्यांनी एक भारा वर फेकला. "वाटणी झाली त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा इथं कुरण नव्हतं, दलदल होती. बेडूक आणि डास. सादिरनं बघितलं न बघितलं, म्हणाला, मला गावातलं घर आणि ट्रॅक्टर दे, चिखल तुला ठेव. मी म्हटलं, ठेवला."

"हे कुणासमोर?"

भारा हवेत क्षणभर थांबला, मग वर आला. "तोक्तोसुन वाटणीच्या कमिटीत होता. मोजणीच्या दोरीचं एक टोक त्यानं धरलं होतं, दुसरं मी. सादिर सावलीत बसून सिगारेट ओढत होता."

दुसऱ्या दिवशी तिनं मेंढवाड्याचं विचारलं. त्यांनी दगड कुठून आणले, किती दिवस लागले, छपराचं लाकूड कुणाकडून घेतलं, तो माणूस अजून जिवंत आहे आणि पलीकडच्या खिंडीत राहतो, असं सगळं सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं तेही. सांगताना तिच्याकडे पाठ करून उभे होते आणि मध्ये मध्ये थांबत होते. कॉलेजात मास्तर टिपणं सांगून उतरवून द्यायचे तेव्हा थांबायचे, अगदी तसंच. तिला वाटलं, त्यांना कळतंय. मग वाटलं, आपल्याच मनाचे खेळ. दोन्ही वाटणं आलटून पालटून येत राहिली. रोज दुपारी पोर झोपली की ती गाडीच्या सावलीत वहीत लिहायची. खोडायची. पुन्हा लिहायची.

चौदाव्या दिवशी शेवटचा ढीग उरला होता. दुपारी एने चहा घेऊन कुरणात आल्या. तिघं गंजीच्या सावलीत बसली. कुंदुझनं वही काढली.

"आबा, हे वाचा."

"चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या खिशात होता. काडी वर दिसत होती. एनेंनी ती पाहिली, कुंदुझनं पाहिली. सासरे पाटाकडे बघत होते.

"मग मी वाचून दाखवते," कुंदुझ म्हणाली.

"केलिन," एने घाईनं म्हणाल्या. त्यांना लगेच कळलं होतं. कागद वाचायचा म्हणजे पहिल्याच ओळीत काय येणार ते.

कुंदुझनं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. तिनं एकदा सेझिमकडे पाहिलं. ती गवताची काडी नाकात घालायच्या नादात होती.

"वादी, सादिरचा मुलगा एसेनकुल," तिनं वाचलं. "प्रतिवादी, जापार."

एनेंनी तोंडावर हात ठेवला. पाटाच्या पाण्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. कुंदुझला वाटलं, आता ते उठून जातील, किंवा वही हातातून ओढून घेतील. कुणीच हललं नाही. ती वाचत राहिली. नावं पुन्हा पुन्हा येत होती. जापारनं पाट काढला. जापारनं दगड आणले. सादिरनं घर आणि ट्रॅक्टर घेतला. दोरी तोक्तोसुननं धरली. प्रत्येक नावाला तिचा आवाज थोडा चिरकायचा, पुढं सावरायचा. दोन पानं होती. ती संपली.

सासरे अजून पाटाकडेच बघत होते. त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्यांत गवताचा भुसा चिकटला होता.

"पाट शरदात नाही काढला," शेवटी ते म्हणाले. "वसंतात. बर्फाचं पाणी उतरत होतं, गुडघाभर. शरदात कोण काढेल? पाणीच नसतं. असलं लिहिलंस तर न्यायाधीश हसेल."

तिनं शरद खोडून वसंत लिहिलं.

"आण."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वही मांडीवर घेतली. सही करायला त्यांना खूप वेळ लागला, जणू बोटांना पेन ओळखीचंच नव्हतं. मग वही परत देताना म्हणाले, "दुवा मोडली ती मी मोडली. कुणी विचारलं तर हेच सांगायचं. तू फक्त वाचलंस." आणि एनेंकडे वळून, "चहा थंड केलास."

"मी?" एने म्हणाल्या. "दोघं बसलात शाळा भरवून, आणि चहा मी थंड केला?"

*

पंधराव्या दिवशी सकाळी खिडकीतल्या बाईनं कागदावर शिक्का मारला, दुसऱ्या प्रतीवरही मारला आणि ती कुंदुझला दिली. "वीसला सासऱ्यांना घेऊन ये. आणि दोरी धरणाऱ्यालाही."

ती बाहेर आली तर पायऱ्यांखाली पांढरी गाडी उभी होती. बायके दार लावत होते. तिनं शिक्क्याचा कागद पोरीच्या दुपट्याखाली सारला.

"अरे, केलिन! इथं कुठं?" ते मनापासून खूश दिसले. "पोरीची लस का?"

"हो," ती म्हणाली. सवयीनं, मान खाली घालून.

"गावाकडेच निघालोय. चल, बस. पोरीला घेऊन त्या डब्यात कुठं चेंगरतेस?"

नाही म्हणायला तिला काही सुचलं नाही. ती मागं बसली. शिक्क्याचा कागद पोरीच्या दुपट्याखाली होता आणि सेझिमनं पाय हलवला की कुरकुरायचा. बायके गवताबद्दल विचारत होते, किती गंज्या झाल्या, यंदा दव जास्त होतं का. ते विचारत होते आणि ती उत्तरं देत होती. कागद कुरकुरत होता. शेवटी दुसऱ्या पुलावर तिला ते सोसेना.

"बायके, आम्ही म्हणणं दिलंय. आत्ताच."

गाडीचा वेग तसाच राहिला. फक्त त्यांनी आरसा थोडा हलवला, तिचा चेहरा दिसेल असा.

"काकांनी सही केली?"

"केली."

"स्वतः?"

"हो."

चार-पाच कोस गेले. एकदा रस्त्यात मेंढ्या आल्या, तेव्हा हॉर्न न वाजवता थांबून राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं नव्हतं ते करतील." आणि थोड्या वेळानं, "माझ्या बापालाच ती जागा नको होती, हे मलाही माहितेय, केलिन. पण त्याला काय ठाऊक होतं, पुढं रस्ता होईल म्हणून?"

तिनं पोरीचं दुपटं सारखं केलं. ते उत्तर मागतही नव्हते.

सासरे फाटकाशीच उभे होते. गाडी पाहिली, आत कोण ते पाहिलं, मागून सून उतरताना पाहिली. तिच्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं असावं. बायकेंनी इंजिन बंद केलं नाही. हात स्टिअरिंगवरच होते.

"काका, मी जातो."

"थांब," सासरे म्हणाले आणि घरात गेले.

कुंदुझ पोरीला छातीशी धरून उभी राहिली. सासरे बाहेर आले ते भट्टीतून आत्ताच काढलेली गोल भाकरी दोन्ही हातांवर घेऊन. गाडीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी ती पुढं धरली. दारावर आलेल्यानं भाकरी चाखल्याशिवाय जायचं नसतं. न चाखता जाणं म्हणजे ह्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं सांगणं. बायके भाकरीकडे बघत राहिले. इंजिन चालू होतं.

मग बायकेंनी खिडकीतून हात काढला, कडेचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. गरम होता, म्हणून जरा वेळ तोंड उघडंच ठेवून चावला.

"वीसला येतो," ते म्हणाले.

"ये," सासरे म्हणाले. "वकील आण. आमच्याकडे आहे."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत सासरे तिथंच उभे होते. मग भाकरी तिच्या हातात देऊन म्हणाले, "शेवटचा ढीग राहिलाय. ढग खाली उतरलाय, बघ. पोर म्हातारीकडे दे आणि चल."